एकाच कुंडीत दाटी झालेले उंच निवडुंग वेगळे कसे करायचे?

नर्सरीतून आणलेल्या छोट्या कुंडीत निवडुंगाचे तीन-चार खांब सुरुवातीला छान दिसतात. वर्ष-दोन वर्षांत ते एकमेकांना ढकलू लागतात, एखादा कलतो, कुंडीच्या छिद्रातून मुळं बाहेर डोकावतात. हीच वेळ असते प्रत्येकाला स्वतंत्र कुंडी देण्याची. पण बहुतेक निवडुंग दगावतात ते वेगळं करताना नव्हे, तर त्यानंतर लगेच घातलेल्या पाण्यामुळे.

आधी ओळखा: निवडुंगच आहे ना?

उभ्या धारा आणि काटे असलेलं प्रत्येक झाड निवडुंग नसतं. सेरियससारख्या खऱ्या निवडुंगात काट्यांचा झुबका लवदार ठिपक्यातून उगवतो. हे मूळचे अमेरिका खंडातले. आपल्याकडे बांधावर दिसणारा तीनधारी निवडुंग मात्र युफोर्बिया कुळातला. त्याचे काटे जोडीनं येतात आणि खरचटताच पांढरा चीक निघतो. हा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होऊ शकते. त्यामुळे हातमोजे आणि चष्मा हवाच. चीक डोळ्यात गेलाच, तर किमान 15 मिनिटं स्वच्छ पाण्यानं डोळे धुवावेत आणि लगेच डॉक्टरांकडे जावं.

कधी करायचं?

अहिल्यानगर जिल्ह्यात फेब्रुवारीचा मध्य ते मार्च हा काळ सोयीचा. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत निवडुंगाची वाढ थांबलेली असते, त्यामुळे दुखावलेली मुळं लवकर भरून येत नाहीत. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. पावसाळ्यात हवा दमट असल्यानं जखमा सुकत नाहीत. अकोल्याच्या सह्याद्रीकडच्या भागात पाऊस जास्त असतो, तिथे तर पावसाळा टाळलेलाच बरा.

वेगळे कसे करायचे?

1. आठ-दहा दिवस आधी पाणी बंद करा. कोरडी माती सहज सुटते.
2. खांबाच्या ज्या बाजूवर ऊन पडतं, तिथे कुंडीवर आणि खांबाला बांधलेल्या दोऱ्यावर खूण करा. नव्या जागी तीच बाजू उन्हाकडे ठेवा, नाहीतर सावलीतली बाजू करपते.
3. वर्तमानपत्राच्या घड्या घालून जाड पट्टा करा, तो खांबाभोवती गुंडाळून धरा. झाड कमरेएवढं असेल तर दोघं लागतात.
4. कुंडी आडवी करून मातीचा गोळा बाहेर काढा. लाकडी काडीनं माती मोकळी करत मुळं सोडवा. ओढाताण नको. काही मुळं तुटली तरी चालतं. काळी, मऊ पडलेली मुळं मात्र कापून टाका.
5. खांब बुडाशी जोडलेले निघाले, तर ते एकाच झाडाचे फुटवे आहेत. स्पिरिटनं पुसलेल्या सुरीनं कापा आणि कापलेला भाग कडक होईपर्यंत, साधारण एक-दोन आठवडे, सावलीत ठेवा.
6. मुळासकट सुटलेले खांब तीन-चार दिवस सावलीत वाळवा.

शेतातली काळी माती चालेल का?

नुसती नाही. जिल्ह्यात ती सहज मिळते, पण भिजली की फुगते, पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. भेगांमुळे बारीक मुळं तुटतात. त्याऐवजी एक भाग लाल किंवा पोयट्याची माती, एक भाग जाड वाळू, एक भाग विटांचे बारीक तुकडे आणि मूठभर गांडूळखत घ्या. ओतलेलं पाणी वर न साचता काही सेकंदांत खाली उतरलं, तर मिश्रण जमलं.

कुंडी मातीची, छिद्र असलेली आणि मुळांभोवती इंचभर जागा राहील एवढीच घ्या. मोठ्या कुंडीतली जास्तीची माती ओलीच राहते. खांब पूर्वीइतकाच खोल लावा आणि काठीचा आधार द्या.

पाणी कधी?

लावल्यावर किमान आठवडाभर थेंबही नको. तुटलेल्या मुळांच्या जखमा ओल्या राहिल्या की बुरशी शिरते आणि खांब बुडापासून सडतो. वरून हिरवा दिसत असल्यानं ते उशिरा लक्षात येतं. बुडखा दाबून पाहिल्यावर मऊ लागला, तर वरचा निरोगी भाग कापून, वाळवून पुन्हा लावता येतो. मुळं नसलेल्या फुटव्यांना मात्र मुळं फुटेपर्यंत पाणी देऊ नये.

पहिले दोन आठवडे सावली, मग सकाळचं कोवळं ऊन, त्यानंतर पूर्ण ऊन. पुढे माती तळापर्यंत वाळल्यावरच पाणी. खांब थोडा सुरकुतला तरी घाबरू नका: तहानलेला निवडुंग पाणी मिळताच सावरतो, सडलेला बुडखा मात्र सावरत नाही.