बसवनगुडीचे नॅशनल हायस्कूल

टिळक आणि आगरकर हे पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधील सहकारी. परंतु आधी स्वराज्य की सुधारणा, या वादाने ते विलग झाले. राष्ट्रीय शिक्षणाच्या कल्पनेत हा पेच पुढेही कायम राहिला.

१९१७ साली, होमरूल चळवळीच्या ऐन भरात, अ‍ॅनी बेझंट यांच्या प्रेरणेने बंगळूरच्या बसवनगुडी भागात नॅशनल हायस्कूल सुरू झाले. तेथे राष्ट्रीय शिक्षणाला कोणता अर्थ लाभला, हे तिच्या एका विद्यार्थ्याच्या चरित्रातून उमगते. खेड्यातील गरीब घरातून आलेल्या एच. नरसिंहय्यांनी (१९२०–२००५) १९४२ च्या आंदोलनात शिक्षण सोडून कारावास पत्करला. पुढे अमेरिकेत अणुभौतिकीची डॉक्टरेट मिळवूनही ते नॅशनल कॉलेजातच परतले. बंगळूर विद्यापीठाचे कुलगुरू असताना, १९७६ मध्ये, त्यांनी चमत्कार व अंधश्रद्धा यांच्या चिकित्सेसाठी समिती नेमली. स्वतः मात्र खादी नेसून, अविवाहित राहून, वसतिगृहाच्या एका खोलीत आयुष्य काढले.

पुण्यात जे दोन मार्ग दुभंगले, ते बसवनगुडीत एका शिक्षकाच्या आयुष्यात एकत्र आले. शाळेचा खरा इतिहास इमारतींत नव्हे, अशा माणसांत वाचावा लागतो.