दोरीच्या गाठी

परवा नातू शाळेचा पर्यावरण प्रकल्प घेऊन बसला होता. नेटवरची माहिती, रंगीत चित्रे, वर प्लास्टिकचे वेष्टन. मी विचारले, "यात तू स्वतः काय पाहिलेस?" तर म्हणतो, "आबा, पाहायचे कशाला? सगळे मिळते की." मला कयाधू नदी आठवली.

सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय सक्तीने शिकवावा असे १९९१ साली सांगितले. पण विषय आला की आम्ही मास्तर आधी प्रश्नोत्तरे लिहून देणार! १९९३ साली केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने राष्ट्रीय बालविज्ञान परिषद सुरू केली, तिचा बाज वेगळा होता. १० ते १७ वर्षांच्या मुलांनी गट करून आपल्याच गावातला प्रश्न घ्यायचा, स्वतः मोजायचे आणि अहवाल आपल्या भाषेत लिहायचा. ज्याचे उत्तर मास्तरालाही ठाऊक नाही, असा प्रश्न प्रथमच शाळेत आला.

२००४-०५ साठी विषय पाण्याचा होता. आमचा हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा होऊन (१ मे १९९९) पाचच वर्षे झाली होती. मी बी.ए., मराठीचा मास्तर. विज्ञानाचे सर बदलून गेले म्हणून गट माझ्या गळ्यात पडला. नववीची पाच पोरे. सुतळीला दर हातावर गाठ मारली, टोकाला दगड बांधला आणि दर रविवारी काठच्या त्याच त्या विहिरींत ती सोडू लागलो. काठापासून पाणी किती गाठी खाली, ते वहीत लिहायचे. बस्स, एवढेच.

तिसऱ्या महिन्यात पोरांच्याच लक्षात आले, की जिथे नदीतली वाळू उपसली तिथल्या विहिरी लवकर खाली जातात. वाळू पाणी धरून ठेवते आणि हळूहळू ते काठाला झिरपते, हे मी त्यांच्याबरोबरच शिकलो. एकाच्या वडिलांचा वाळूचा ट्रॅक्टर होता. मी म्हटले, "हे वाक्य गाळू या का?" तो म्हणाला, "नको गुरुजी, मोजलंय ना आपण."

तालुक्याच्या पुढे आमची निवड झाली नाही. निवृत्तीच्या वेळी कपाट रिकामे करताना ती वही मीच रद्दीत दिली. पुढे कयाधूच्या पुनरुज्जीवनाची चर्चा सुरू झाली. एका बैठकीत कोणीतरी विचारले, "वीस वर्षांपूर्वी कोणत्या महिन्यात विहिरी किती खाली जायच्या?" सगळे अंदाजाने बोलत होते. मी मान खाली घालून बसलो. उत्तर पाच पोरांनी लिहून ठेवले होते हो... प्रमाणपत्र नाही म्हणून मी ते निरुपयोगी समजलो.

असो. नातवाला सुतळी आणून दिली आहे. तुमच्यापैकी कोणाच्या घरी शाळेतल्या अशा नोंदींची वही असेल, तर रद्दीत देऊ नका. मला जरूर कळवा.