पात्र कोण, आणि ते ठरवणार कोण? : तंत्रशिक्षणातल्या मदतीची दीडशे वर्षे



या विषयावर बोला असं संयोजकांनी सुचवलं, तेव्हा आम्ही त्यांना म्हटलं, अहो, आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर. जन्मभर तर्कशास्त्र शिकवलं. लेथ मशीनला कधी हात लावला नाही. त्यावर ते म्हणाले, "सर, शिष्यवृत्तीचा फॉर्म कसा भरायचा ते मुलांना सगळेच सांगतात. फॉर्ममध्ये ते रकाने आले कुठून, हे कोणी सांगत नाही. तेवढं तुम्ही सांगा." प्रश्न चांगला होता, म्हणून आलो.

फॉर्मवर वरच्याच बाजूला एक शब्द असतो, 'पात्रता'. या शब्दापाशी आपण जरा थांबू. पात्र म्हणजे भांडं. आपल्याकडे दानाचा विचार फार जुना आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे प्रकार सांगितले आहेत आणि तिथे स्थळ, काळ यांच्याबरोबर पात्राचाही विचार केलेला आहे. आता भांडं चांगलं कधी म्हणायचं? एक उत्तर असं, की ते गळकं नसावं, घातलेलं त्यात टिकावं. दुसरं उत्तर, ते रिकामं असावं, कारण भरलेल्यात ओतून काय उपयोग? पहिल्या उत्तराला आज आपण गुणवत्ता म्हणतो, दुसऱ्याला गरज. शिष्यवृत्त्यांचा सगळा इतिहास म्हणजे या दोन उत्तरांमधली ओढाताण आहे. एक तिसरं उत्तरही आहे, त्याच्याकडे शेवटी येऊ.

सुरुवात पुण्यापासून करू. १८५४ साली तिथे इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला. त्यातूनच पुढे आपलं अभियांत्रिकी महाविद्यालय झालं. हेतू काय होता? रस्ते, पूल, इमारती बांधायला सरकारला हाताखालची माणसं हवी होती. मुंबईत १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, ती गिरण्यांच्या भरभराटीच्या काळात. गिरण्यांना यंत्रं कळणारे लोक हवे होते. म्हणजे आपल्याकडचं तंत्रशिक्षण मुलाच्या गरजेतून जन्माला आलं नाही, ते सरकारच्या आणि गिरणीच्या गरजेतून आलं. यात वाईट काही नाही, पण लक्षात ठेवायला हवं. कारण ज्याच्या गरजेतून संस्था निघते, कोणाला आत घ्यायचं ते तोच ठरवतो.

१८९० मध्ये सयाजीराव गायकवाडांनी बडोद्यात कलाभवन काढलं. त्रिभुवनदास गज्जर हे त्यामागचे कर्ते पुरुष. तिथे रंगकाम, यंत्रकाम, वास्तुकला असे विषय होते आणि देशी भाषेत शिकवण्यावर भर होता. दादासाहेब फाळके तिथे शिकले हे तुम्हांला ठाऊक असेल. इंग्रजी येत नाही म्हणून हुशार कारागिराचा मुलगा दाराबाहेर राहू नये, हा त्यातला विचार. आमच्या मते ही मोठीच आर्थिक मदत होती, जरी ती पैशाच्या रूपात नव्हती.

पण त्याच्याही आधी, १८८२ मध्ये, महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. त्यात शिष्यवृत्त्यांबद्दल एक मुद्दा आहे. त्याचा आशय असा : स्पर्धा घेऊन शिष्यवृत्ती देणं तत्त्वतः न्याय्य दिसतं, पण ज्यांच्या घरात आधीच विद्या आहे तेच ती नेतात आणि बाकीच्या वर्गांत शिक्षण पसरत नाही. तेव्हा काही शिष्यवृत्त्या जिथे शिक्षण पोचलेलंच नाही अशा वर्गांसाठी ठेवा. आम्ही वर्गात 'न्याय' शिकवताना परदेशी तत्त्ववेत्त्यांची नावं घ्यायचो. समान नियम असमान माणसांना लावला की निकाल असमानच लागतो, हे फुल्यांनी सरकारी आयोगाला लिहून कळवलं होतं आणि आम्ही ते उशिरा वाचलं, हे कबूल करायला हवं.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी याच्या पुढचं पाऊल टाकलं. १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांचं वसतिगृह निघालं आणि मग जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य अशा अनेक समाजांची निघाली. १९०२ च्या जुलैमध्ये नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा मागासलेल्यांना ठेवण्याचा हुकूम झाला. महाराजांनी काय ओळखलं? खेड्यातल्या मुलाला फीपेक्षा राहायची आणि दोन वेळच्या जेवणाची अडचण मोठी असते. तुमच्यात खोली घेऊन राहणारी मुलं असतील, त्यांना हे सांगायला नको. आजही फी माफ झाली असं ऐकून आईबाप सुस्कारा सोडतात, आणि महिन्याभरात मेसचं बिल येतं.

आता एक गोष्ट, जी आपल्या सर्वांना माहीत आहे, पण पात्रतेच्या अंगाने आपण ती क्वचितच पाहतो. १९१३ साली भीमराव आंबेडकर या तरुणाला बडोदा संस्थानने अमेरिकेत शिकायला शिष्यवृत्ती दिली. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. त्याला एक अट होती : परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची. करारावर सही झाली. १९१७ मध्ये ते बडोद्याला हजर झाले, आणि त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. नाव बदलून पारशी धर्मशाळेत राहावं लागलं, तिथूनही हुसकावून लावलं. अखेर नोकरी सोडून मुंबईला परतावं लागलं. कागदावर पाहिलं तर अट मोडली विद्यार्थ्याने! सयाजीरावांच्या उदारपणाबद्दल शंका नाही. पण अट नेहमी घेणाऱ्यावर असते. देणाऱ्याने काय करायचं, त्याच्या शहराने काय करायचं, हे करारात लिहिलेलं नसतं.

हा अनुभव घेतलेला माणूस १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाला. त्याच वर्षी बाबासाहेबांनी सरकारला अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन दिलं. त्यात त्यांनी मागितलं काय? नुसत्या कला आणि कायद्याच्या पदव्यांनी भागणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं उच्च शिक्षण हवं. त्यासाठी देशातल्या संस्थांत शिकणाऱ्यांना वर्षाला दोन लाख आणि परदेशी जाणाऱ्यांना एक लाख रुपये द्या. शिवाय सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारीच्या जागा द्या. यातूनच १९४४ मध्ये मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज डिप्लोमाला, इंजिनिअरिंगला असलेली मुलं ज्या योजनेचा अर्ज भरतात, तिचं मूळ हे आहे. महाराजांच्या मर्जीने मिळणारी मदत इथे नियमाने मिळणारी झाली. दान संपून हक्क सुरू झाला तो इथे, असं आम्ही म्हणू.

स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आली, तिच्यातून गावोगाव आय.टी.आय. उभ्या राहिल्या. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आला आणि कारखान्यात शिकणाऱ्या पोराला विद्यावेतन देणं मालकावर बंधनकारक झालं. इकडे आपल्या राज्यात १९५९ च्या सुमारास, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री आणि बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना, ई.बी.सी. सवलत आली. वर्षाचं उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत असलेल्या पालकांच्या मुलांना फी माफ. जात कोणतीही असो. हजारो घरांतली पहिली शिकलेली पिढी या सवलतीवर उभी राहिली.

इथे आमच्या घरची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आम्ही तेव्हा प्राथमिक शाळेत. थोरला भाऊ हायस्कुलात. वडील एका पेढीवर कारकून, पगार महिना एकशे पाच रुपये. बारा गुणिले एकशे पाच, बाराशे साठ. साठ रुपयांनी आम्ही श्रीमंत ठरलो. शेजारी किराणा दुकान होतं, त्यांच्या घरी सायकल होती, रेडिओ होता, आणि दाखला बाराशेच्या आतला होता. त्यांनी खोटेपणा केला असं आम्ही म्हणत नाही, दुकानाचं उत्पन्न मोजायचं तरी कसं? पगारदाराचं उत्पन्न कागदावर असतं, इतरांचं नसतं. आई तेवढं एकदा म्हणाली, "साठ रुपये कमी घेतले असते तर?" वडील काही बोलले नाहीत. मर्यादा म्हणजे शेवटी एक रेघ. रेघ कुठेतरी ओढावी लागते हे आम्हांला कळतं. पण रेघेच्या अलीकडे पूर्ण माफी आणि पलीकडे काहीच नाही, हे तर्काला धरून नाही. गरिबी अशी एका रुपयाने सुरू होत नाही आणि एका रुपयाने संपतही नाही.

१९८३ नंतर चित्र पार बदललं. वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. आपली मुलं देणगी भरून कर्नाटकात जातात, तर ती इथेच शिकू द्या, असा विचार होता. जागा वाढल्या हे खरं. पण फी इतकी वाढली की 'फी माफ' या शब्दाचा अर्थच बदलला. देणगी रोखायला १९८७ मध्ये कायदा करावा लागला. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निम्म्या जागा मोफत आणि निम्म्या पैसे भरून, अशी व्यवस्था लावली, म्हणजे एकाची फी दुसऱ्याने भरायची. २००२ च्या टी.एम.ए. पै खटल्यात ती रद्द झाली. आता खाजगी कॉलेजातल्या गरीब मुलाची फी कोण भरणार? उत्तर आलं, सरकार भरेल. उत्पन्नाची मर्यादा वाढत गेली. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेत ती आज आठ लाखांवर आहे. २०२४ मध्ये याच मर्यादेत आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींचं व्यावसायिक शिक्षणाचं शिक्षणशुल्क पूर्ण माफ झालं. ही साधी गोष्ट नाही, तिचं स्वागतच केलं पाहिजे.

मग अडचण काय आहे? आता आम्ही तिसऱ्या उत्तराकडे येतो. आपल्याकडे नव्या भांड्यावर नाव घालून घेतात. आजच्या पात्रतेचा अर्थ तसा झाला आहे. भांडं गळकं नाही, रिकामंही आहे, पण त्यावर नाव घातलंय का? तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला, त्याची वैधता, आधारशी जोडलेलं बँक खातं. दहावीच्या गुणपत्रिकेवर 'दत्तात्रय' आणि आधारवर 'दत्तात्रेय' असेल तर तो मुलगा संगणकाच्या लेखी दोन माणसं. प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला हवा, संस्थेच्या कोट्यातून झाला की मदत गेली, आणि हे कितीतरी पालकांना प्रवेश घेतल्यावर कळतं. एकेका अटीला कारण आहे. खोटे लाभार्थी पूर्वी होते, तेही खरं. पण एकूण परिणाम असा, की जो जास्त गरजू त्याच्याकडे कागद कमी.

हे आम्ही दुसऱ्यांना नावं ठेवायला सांगत नाही. वीसेक वर्षांपूर्वी आम्ही एका स्थानिक विश्वस्त निधीच्या निवड समितीवर होतो. पॉलिटेक्निकच्या मुलांना थोडी मदत द्यायचो. एक मुलगा आला, यंत्र शाखेचं दुसरं वर्ष, गुण चांगले. आई बाजारात बांगड्या विकायची. वडील घर सोडून गेलेले, जिवंत असावेत, पत्ता नाही. आमच्या अर्जात वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला सक्तीचा होता. मृत्यूचा दाखला चालला असता. निघून गेलेल्या बापाचा दाखला कुठून आणणार? आम्ही अर्जावर 'अपूर्ण' असा शेरा मारून सही केली. नियमाने आम्ही बरोबर होतो. त्या मुलाने त्या वर्षी शिक्षण सोडलं. पुढच्या बैठकीत आम्ही तो रकाना 'पालक' असा बदलून घेतला. एका शब्दाचं काम होतं, दोन मिनिटं लागली. त्या मुलाला त्याचा उपयोग झाला नाही.

तेव्हा आमचं म्हणणं एवढंच आहे. पात्र कोण, या प्रश्नाचं उत्तर दीडशे वर्षांत पुष्कळ सुधारलं. फुल्यांनी, शाहू महाराजांनी, बाबासाहेबांनी ते सुधारून घेतलं. पण पात्रता सिद्ध कोणी करायची, याचं उत्तर जिथल्या तिथे आहे : ज्याला गरज त्याने. पगार, जमीन, जात, गुण यांची माहिती सरकारच्याच निरनिराळ्या खात्यांत असते, आणि एका खात्याचा कागद दुसऱ्या खात्याला नेऊन द्यायचं काम सतरा वर्षांचं पोर करतं, मजुरी बुडवून त्याचा बाप करतो. हक्क मिळाला, पण तो मागायची रीत अजून दानाचीच राहिली.

तुम्हा मुलांना दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. प्रवेशाच्या आधीच, एप्रिल-मेमध्ये, दाखले काढायला लागा, निकालानंतर तहसील कार्यालयात रांग असते. सगळ्या कागदांवर नाव एकसारखं आहे का ते बघा. अर्ज दर वर्षी नव्याने भरायचा असतो, हे विसरू नका. अर्ज फेटाळला तर कारण लेखी मागा. 'साहेब नाही म्हणाले' हे कारण नव्हे.

आणि तुमच्यातलं कोणी उद्या टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसेल. बसालच, त्याचसाठी तर शिकताय. तेव्हा समोर एखादा अपूर्ण अर्ज आला, तर सही करण्याआधी एवढं विचारा : अपूर्ण कोण आहे, हा मुलगा, की आपला फॉर्म?

वेळ संपली आहे, अध्यक्षांनी दोनदा घड्याळाकडे पाहिलं. आम्ही इथेच थांबतो.