जुहू ते मद्रास, व्हाया बेल्लारी

मी चेन्नईजवळच्या कोवलमला राहतो. इथून मीनंबाक्कमच्या विमानतळावर जाताना ईसीआरवर (ईस्ट कोस्ट रोडवर) शनिवारची गर्दी लागली, की पुढच्या मुंबईच्या विमानापेक्षा हा रस्ताच लांब वाटतो. हवेतलं अंतर हजार किलोमीटरच्या थोडं वर, उड्डाण जेमतेम दोन तासांचं.

१५ ऑक्टोबर १९३२ ला याच पल्ल्यात एक मुक्काम पडला होता. जेआरडी टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल दुपारी जुहूला आणलं. तेव्हा जुहूचा विमानतळ म्हणजे समुद्रालगतचं चिखलवट मैदान. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई आणि सगळा बाडबिस्तरा पुण्याला हलवावा लागे. नाव टाटांचंच गाजलं (गाजावंच), पण तिथून मद्रासपर्यंतचा पल्ला त्यांचे सहकारी नेव्हिल विन्सेंट यांनी मारला. मला तोच जास्त अवघड वाटतो. एका इंजिनाचं पुस मॉथ विमान, ताशी एकशेसाठ किलोमीटरच्या आसपास वेग, खाली सह्याद्री आणि मग दख्खनचं पठार, जवळ रेडिओसुद्धा नाही. अंधारात उडायची सोय नव्हती, म्हणून रात्री बेल्लारीला वस्ती. दुसऱ्या दिवशी टपालाच्या पिशव्या मद्रासला पोचल्या.

पुढे बेल्लारीऐवजी हैदराबादचा थांबा आला. विन्सेंट १९४२ मध्ये, युद्धकाळात, विमानप्रवासातच गेले.