लाल शेवाळाचं लक्षण : रंग, चुना आणि पेशी

नांदुऱ्यात उभं राहून समुद्राच्या तळावरच्या शेवाळाबद्दल बोलायचं म्हणजे थोडं धाडसच. खारपाणपट्ट्यातल्या माणसाला खारं पाणी नवं नाही, पण आपल्या विहिरींना भरती-ओहोटी नाही. तरी विषयाची सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करता येते.

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. त्या वेळी पुष्कळांनी सांगून टाकलं, की हे लाल शेवाळ. पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत गेले आणि तिथे निघाले क्षारप्रिय सूक्ष्मजीव, म्हणजे हॅलोआर्किया. ते शेवाळही नव्हेत आणि वनस्पतीही नव्हेत. रंग जुळला, जात जुळली नाही. (ज्यांचं नाव त्या संस्थेला आहे ते शंकर पुरुषोत्तम आघारकर वनस्पतिशास्त्रज्ञ, १८८४ साली मालवणात जन्मलेले. समुद्राकाठचा माणूस!)

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे आम्हाला इथे न्यायशास्त्रातली गाय आठवते. गाय म्हणजे काय? कुणी म्हणालं 'तांबूस रंगाचा प्राणी', तर पांढरी गाय बाहेर राहते. ही अव्याप्ती. 'शिंगं असलेला प्राणी' म्हणालं, तर म्हैसही आत येते. ही अतिव्याप्ती. लाल शेवाळाच्या वर्गीकरणाचा दोनशे वर्षांचा इतिहास म्हणजे याच दोन दोषांतून वाट काढणं आहे, असं आमचं मत आहे.

पहिला घोटाळा रंगाचाही नव्हता, चुन्याचा होता. काही लाल शेवाळं आपल्या पेशींच्या भित्तिकांत चुना साठवतात आणि दगडासारखी कडक होतात. ती प्रवाळासारखी दिसतात. लिनियसने १७५८ मध्ये 'कोरॅलिना' प्राण्यांच्या बाजूला बसवली. खोल समुद्रात खडकाला चिकटून राहणारे गुलाबी-जांभळे थर याच घराण्यातले. ते काहींना जिवंतच वाटत नसत. १८३७ मध्ये रुडॉल्फ फिलिपी याने ही वनस्पतीच आहे असं दाखवून 'लिथोथॅम्नियन' आणि 'लिथोफिलम' ही नावं दिली. सौम्य आम्लात असा तुकडा टाकला की चुना विरघळतो आणि मागे पेशींच्या रांगा उरतात.

त्याच सुमारास, १८३६ मध्ये, आयर्लंडच्या विल्यम हार्वेने शेवाळांची हिरवी, तपकिरी आणि लाल अशी वाटणी केली. ही वाटणी चांगली टिकली, आणि टिकली म्हणूनच फसवी ठरली. लाल रंग फायकोएरिथ्रिन या द्रव्याचा. पाण्यात खाली जाताना तांबडा प्रकाश आधी शोषला जातो, निळा-हिरवा खोलवर पोहोचतो आणि हे द्रव्य नेमका तोच पकडतं. म्हणून १८८३ मध्ये एंगेलमानने मांडलं की शेवाळांचे रंग खोलीप्रमाणे ठरतात : हिरवी वर, लाल तळाशी. किती सुबक! पण समुद्राला सुबकपणाचं काही पडलेलं नसतं. बहामा बेटांजवळ पाणबुडीतून पाहिलं तेव्हा शंभर मीटरांच्या खाली हिरवी शेवाळंही सुखाने वाढताना आढळली. उलट, आपल्या कोकणच्या खडकांवर ओहोटीला उघडी पडणारी लाल शेवाळं भरपूर. एक गोष्ट मात्र खरी ठरली. १९८४ मध्ये त्याच बहामांच्या पाण्यात २६८ मीटरांवर जे सर्वांत खोल शेवाळ सापडलं, ते चुन्याचं लाल शेवाळच होतं. तिथे पृष्ठभागावरच्या प्रकाशाचा सुमारे ०.०००५ टक्के भाग पोहोचतो. म्हणजे एका लाखात अर्धा भाग. एवढ्यावर ते जगतं.

मग लक्षण कुठलं? ते शरीररचनेत सापडलं. लाल शेवाळ पानासारखं दिसो, झुडपासारखं की दगडासारखं, बहुतेकांच्या आत बारीक तंतूच असतात, गुंफलेले. शेजारच्या पेशींमधल्या भिंतीत छिद्र असतं आणि त्या छिद्रात बूच. आणखी विशेष म्हणजे, यांच्या कुठल्याही अवस्थेत पोहणारी शेपटी नसते. नरपेशीसुद्धा पाण्याबरोबर वाहत जाते आणि मादीपेशीच्या लांब केसाला चिकटते. १८६७ मध्ये बॉर्ने आणि त्युरे या फ्रेंच जोडीने हे फलन पाहिलं. पुढे जर्मनीच्या श्मित्झने फलनानंतर मादीच्या अंगावर काय काय घडतं, त्यावरून कुळं पाडली. स्वीडनच्या क्युलिनने ती पद्धत विसाव्या शतकात पक्की केली. चुन्याच्या शेवाळांत तर बीजाणूंच्या कोठीला छत कसलं, हे बघतात : एका छिद्राचं की चाळणीसारखं? लिथोफिलमला एक छिद्र, लिथोथॅम्नियनला अनेक. घराणं छतावरून ओळखायचं!

आपल्या किनाऱ्यावर हे काम डॅनिश शास्त्रज्ञ बोर्गेसेन यांनी केलं. १९२७-२८च्या हिवाळ्यात ते भारतात आले, आणि मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावरील लाल शेवाळांवरचे त्यांचे लेख १९३१ ते १९३४ या काळात प्रसिद्ध झाले. पण ते काम किनाऱ्याचं. खोल पाण्याचं काय? विजयदुर्गापासून सुमारे १०५ किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक नावाचं बुडालेलं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. त्याचा माथाच पाण्याखाली वीसेक मीटर. प्रवाळांच्या अशा जागी चुन्याची लाल शेवाळं गवंड्यासारखी तुकडे सांधत असतात. आम्हाला खंत एवढीच, की आपण प्रवाळांचे फोटो काढतो आणि गवंड्याकडे दगड म्हणून पाहतो. गुलाबी डाग बघून नाव सांगता येत नाही. तुकडा आणावा लागतो, चुना विरघळवावा लागतो, पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली कोठीचं छत पाहावं लागतं. हे सगळं शिकवणारी माणसं हवीत आणि शिकायला बसणारीही.

अव्याप्तीचं उदाहरण राहिलं. ते महाबळेश्वरला आहे. तिथलं एक गोड्या पाण्यातलं शेवाळ पुण्याच्या बालकृष्णन आणि चौगुले यांनी नोंदवलं, नाव बॅट्राकोस्पर्मम महाबळेश्वरेन्सिस. या वंशातली शेवाळं पुष्कळदा निळसर-हिरवी किंवा शेवाळीच दिसतात. पण मादीपेशीचा तो केस आहे, पेशींमधलं बूच आहे, पोहणारी शेपटी कुठेच नाही. म्हणून त्याची गणना लाल शेवाळांत.