कारभार दिला, मालकी नाही

आज आपण दूरच्या न्यूझीलंड देशातल्या एका कागदाबद्दल बोलू.

तिथले मूळ रहिवासी म्हणजे माओरी लोक. १८१४ पासून इंग्रज मिशनरी त्यांच्यात राहायला आले. त्यांनी माओरी भाषा शिकून घेतली, लोकांना लिहा-वाचायला शिकवलं. त्यामुळे त्यांच्या शब्दावर लोकांचा विश्वास बसला.

१८४० साली इंग्रज सरकारचा अधिकारी हॉब्सन तिथे पोचला. माओरी प्रमुखांच्या संमतीनं देशावर राणीची सत्ता आणायची, हे त्याचं काम. करार इंग्रजीत लिहिला. ४ फेब्रुवारीच्या एका रात्रीत हेन्री विल्यम्स या मिशनऱ्यानं आपल्या मुलाला सोबत घेऊन त्याचा माओरी अनुवाद केला. ६ तारखेला वायतांगी इथे सह्या सुरू झाल्या.

इंग्रजी कागद म्हणत होता, देशाची सार्वभौम सत्ता राणीला दिली. माओरी कागदात शब्द होता 'कावानातांगा'. गव्हर्नर या शब्दावरून तो बनवलेला, अर्थ कारभार. उलट जमिनी, गावं आणि मोलाच्या सगळ्या गोष्टींवरचा पूर्ण अधिकार प्रमुखांकडेच राहील, असंही त्यात लिहिलं होतं. शेताला कारभारी नेमणं वेगळं आणि सातबारा त्याच्या नावे करणं वेगळं, नाही का?

योग्य शब्द नव्हता असंही नाही. १८३५ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात सत्तेसाठी 'माना' हा शब्द आला होता, आणि त्या कागदावर विल्यम्स स्वतः साक्षीदार होता. राणीच्या राज्यात माओरींचं रक्षण होईल, असं त्याला मनापासून वाटत होतं, असं काही अभ्यासक सांगतात. पण हेतू चांगला असला तरी सही करणाऱ्याला पूर्ण अर्थ कळायलाच हवा.

पाचशेहून जास्त जणांनी सह्या केल्या, त्यातल्या बहुतेकांनी माओरी कागदावरच. त्यात किमान तेरा स्त्रिया होत्या. गाणी रचणारी, मानाच्या घराण्यातली रांगी तोपेओरा त्यांतलीच. काही ठिकाणी मात्र इंग्रजांच्या माणसांनी मानाच्या स्त्रियांनाही सही करू दिली नाही.

पुढे सरकार इंग्रजी कागदावरून चाललं. सही करणाऱ्या होने हेकेनं आणि त्याच्या माणसांनी १८४४-४५ मध्ये इंग्रजांच्या झेंड्याची काठी चार वेळा तोडली. १८६० नंतर लढाया झाल्या, लाखो एकर जमीन जप्त झाली.

माओरींनी तो कागद सोडला नाही. १९७५ साली वायतांगी न्यायाधिकरण स्थापन झालं. २०१४ साली त्यानं निष्कर्ष दिला की १८४० च्या फेब्रुवारीत सह्या करणाऱ्या उत्तरेकडच्या प्रमुखांनी आपली सार्वभौम सत्ता सोडलेली नव्हती. हे ऐकायला १७४ वर्षं लागली.

मैत्रिणींनो, गटाच्या कर्जाचा कागद असो की जमिनीचा, समजावून सांगणारा कितीही ओळखीचा असला तरी प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारा. दुसऱ्या जाणत्या माणसाकडूनही वाचून घ्या. सही किंवा अंगठा त्यानंतर.