नाव तिचे, गल्ला कोणाचा?

मंडळी, आजचा विषय जरा अवघड आहे. काही नातलगांना तो रुचणार नाही. पण मी आयुष्यभर इतिहास शिकवला, आणि अवघड धडा गाळून पुढे जायची सवय काही लागली नाही.

हल्ली काही जणी स्वतःची धीट छायाचित्रे व चित्रफिती महिन्याची वर्गणी घेऊन दाखवतात. २०१६ साली लंडनमध्ये निघालेल्या ‘ओन्लीफॅन्स’ने ही रीत जगभर पोचवली. वर्गणीतले २० टक्के संकेतस्थळाचे, बाकी त्या बाईचे. गिऱ्हाईक यावे म्हणून ती इन्स्टाग्रामसारख्या ठिकाणी थोडेसे फुकट दाखवते. पुढचे पाहायचे तर पैसे भरा! लोक म्हणतात, कलियुग आले. मला लालबाग आठवते.

आमच्या भायखळ्याहून चालत जावे इतक्या जवळ लालबागचे हनुमान थिएटर होते. तिथले तमाशाचे खेळ गिरणी कामगारांच्या गर्दीने भरत. त्याच्याही आधी पठ्ठे बापूराव आणि पवळा या जोडीने मुंबई गाजवली होती. लोक पवळेला पाहायला येत. बापूराव ब्राह्मण, पवळा महार. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात, १९२७ च्या सुमारास, बापूरावांनी खेळांचे उत्पन्न मदत म्हणून देऊ केले आणि डॉ. आंबेडकरांनी ते नाकारले, असे सांगतात. महार स्त्रियांना नाचवून मिळवलेला पैसा त्यांना नको होता. जातीने जिला दुसरी वाट ठेवली नाही, तिच्या देहावर कमावतो कोण? मला त्या नकारात हाच प्रश्न दिसतो.

सरकार मात्र हा प्रश्न क्वचितच विचारते. २००५ साली महाराष्ट्रात डान्स बार बंद केले, पण तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट दिली. म्हणजे नाच तोच. श्रीमंतापुढे चालेल, गरिबापुढे नाही! २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी रद्द ठरवली. ७५ हजारांवर स्त्रियांचा रोजगार गेला आणि त्यातल्या अनेकींना पोटासाठी देहविक्रय करावा लागला, असे निकालातच म्हटले आहे.

आज माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७अ आहे. उघड लैंगिक चित्रण इंटरनेटवर प्रसिद्ध केल्यास पहिल्याच गुन्ह्याला ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. वर्गणी भरून घरात बसून पाहणाऱ्याचे नाव सहसा कुठे येत नाही. तिचे मात्र नाव, चेहरा, सगळेच चव्हाट्यावर. शिवाय थिएटरचा पडदा खेळ संपला की पडायचा. फोनवर एकदा गेलेले चित्र परत घेता येत नाही.

तरी एक फरक मानायला हवा. खाते खरोखर तिचेच असेल, तर गल्लाही पहिल्यांदाच तिच्या हाती आला आहे. मात्र मागे कोणी नवरा, मित्र किंवा दलाल बसलेला असेल, तर फलक नवा आणि धंदा जुनाच.

म्हणून अशी जाहिरात दिसली की मी आधी दोन गोष्टी विचारते. पैसा कोणाच्या हातात जातो? आणि उद्या ती ‘आता पुरे’ म्हणाली, तर तिला थांबता येईल का? तिच्या चारित्र्याची चौकशी आपण शंभर वर्षे केली. या दोन प्रश्नांची उत्तरे अजून मिळालेली नाहीत.